पानात नेमकं काय चालतं? घरच्या घरी प्रकाशसंश्लेषण तपासून पाहण्याची रीत

शाळेत एक समीकरण पाठ करून घेतात: कार्बन डायऑक्साइडचे 6 रेणू, पाण्याचे 6 रेणू, सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य, त्यातून ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे 6. परीक्षेत त्याचे मार्क मिळतात आणि विषय तिथेच संपतो. पण दारातला आंबा एवढा मोठा झाला, त्याचं वजन आलं कुठून, असं विचारलं की निम्मे लोक तरी "मातीतून" म्हणतात.

हा प्रश्न वजन करून सोडवायचा पहिला नावाजलेला प्रयत्न यान फान हेल्मोंट या रसायनशास्त्रज्ञाचा. त्याने 200 पौंड सुकी माती मोठ्या कुंडीत घेऊन 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं 169 पौंडांचं, माती कमी झाली दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली छापलं गेलं. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द याच माणसाने रूढ केला, कोळसा जळताना निघणारा वायू त्याला माहीत होता, आणि तरी झाडाच्या बाबतीत त्याचं हवेकडे लक्ष गेलं नाही. सुक्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून येतो. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम 0.04 टक्के.

खालचे प्रयोग आठवी-नववीच्या मुलाला मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली घरी करता येतात. प्रयोगवहीत 'सिद्ध झाले' असं सरसकट लिहायची आपल्याकडे सवय आहे. म्हणून कोणता प्रयोग काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हेही जागोजागी लिहिलं आहे.

सामान

मेडिकलमधून आयोडीनचं द्रावण (बीटाडीनही चालतं), सर्जिकल स्पिरिट आणि सुई नसलेली 10 किंवा 20 मिलीची सिरिंज. घरातून खायचा सोडा, भांडी घासायचं लिक्विड, एलईडी दिवा, कागदाला भोकं पाडायचं पंच आणि पालकाची ताजी जुडी. पुढच्या भागासाठी पीएच पट्ट्या आणि एक पानफुटी. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च ओळखीच्या दुकानदाराकडे असेल तर तासाभरासाठी मागून ठेवा, फार कामाला येतो.

पहिला प्रयोग: पानातला स्टार्च

पान दिवसभर साखर बनवतं. त्यातली बरीचशी लगेच बाहेर पाठवतं आणि उरलेली स्टार्चच्या रूपात स्वतःतच साठवून ठेवतं. रात्री हा साठा मोडून पुन्हा साखर होते आणि ती देठावाटे खोड, मूळ, फळ जिकडे गरज असेल तिकडे जाते. म्हणजे एकाच झाडाचं संध्याकाळी पाचला तोडलेलं पान आणि सूर्योदयाआधी तोडलेलं पान यांत स्टार्चचा फरक दिसायला हवा. सुरुवात इथूनच करा, कारण यात झाडाला काहीच करावं लागत नाही.

पातळ, मऊ पानाचं झाड घ्या. कोलियस उत्तम, जास्वंदही चालते. जाड, चिवट किंवा चिकाची पानं टाळा. कांद्याची पात तर अजिबात नको: कांदा पातीत स्टार्च साठवतच नाही, साखरच ठेवतो. प्रकाशसंश्लेषण जोरात चालू असूनही तिथे आयोडीन निळं होणार नाही. या चाचणीची मर्यादा इथेच कळते. ती स्टार्च दाखवते, प्रकाशसंश्लेषण दाखवत नाही; एकावरून दुसऱ्याचा अंदाज आपण बांधतो.

आता कृती. पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा. पेशी मरतात, त्यांची आवरणं सैल होतात आणि पुढे स्पिरिट व आयोडीन आत शिरू शकतं. मग गॅस बंद करा. बंद म्हणजे शेगडीचा कॉक आणि सिलिंडरचा रेग्युलेटर, दोन्ही. गरम पाण्याचं पातेलं स्वयंपाकघराबाहेर, खिडकीजवळच्या टेबलावर न्या आणि त्यात स्पिरिट व पान असलेला काचेचा लहान ग्लास उभा करा. स्पिरिट कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही. त्याची वाफ लांबूनही पेट घेते. पातेल्यातल्या पाण्याच्या उष्णतेनेच काम होतं. पाणी निवलं तर बदला, पण नवं पाणी दुसऱ्या भांड्यात तापवून, पुन्हा गॅस बंद करून आणा.

पाच-दहा मिनिटांत स्पिरिट हिरवंगार होतं आणि पान फिकट पिवळसर पांढरं. या अवस्थेत ते कडक, ठिसूळ होतं, चिमट्यात धरलं तर तुटतं. म्हणून परत कोमट पाण्यात घालून नरम करा आणि पांढऱ्या बशीत पसरा. वरून आयोडीन. बीटाडीन असेल तर कोऱ्या फिकट चहासारखा रंग येईपर्यंत पाणी घालून घ्या, नाहीतर त्याच्या स्वतःच्या तपकिरी रंगात काहीच कळत नाही. आधी बटाट्याच्या कापावर एक थेंब टाकून बघा. तो निळा-काळा झाला म्हणजे द्रावण ठीक आहे. संध्याकाळचं पान काळपट निळं होतं, पहाटेचं बहुतेक करून तपकिरी राहतं किंवा फारच फिकट निळं होतं.

हिरवं झालेलं स्पिरिट फेकू नका. बाटलीत भरून, बूच लावून अंधाऱ्या जागी ठेवा, ते पुढे लागणार आहे.

हे जमलं की प्रकाशाचा प्रयोग. कुंडी दोन दिवस, जमल्यास तीन, पूर्ण अंधारात ठेवा. त्यानंतर एक पान तोडून वरच्या रीतीने तपासा. स्टार्च उरलेला नाही याची खात्री करूनच पुढे जायचं. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि मग 'काळा कागद लावला तरी निळं झालं' म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं. झाडावरच्याच एका पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी क्लिपने लावा. पट्टी सैल ठेवा, हवा खेळली पाहिजे. घट्ट आवळली तर प्रकाशाबरोबर कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि स्टार्च का बनला नाही याची दोन कारणं तयार होतात. सकाळी आठपासून चार-सहा तास ऊन द्या आणि पान तपासा. पट्टीखालचा भाग तपकिरी, बाकीचा निळा-काळा.

पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचं पान मिळालं तर हरितद्रव्याची गरजही तपासता येते. पान तोडल्याबरोबर कागदावर ठेवून कडा आणि हिरवे भाग पेन्सिलने आखून घ्या, कारण स्पिरिटमधून निघाल्यावर सगळंच पांढरं असतं. आयोडीननंतर उमटलेला निळा नकाशा तुमच्या आखलेल्या हिरव्या नकाशाशी जुळवा. पान हवेत आहे आणि पाणी त्याला सगळीकडे मिळतंय, तरी पांढऱ्या भागात स्टार्च नाही.

कॉस्टिक पोटॅश बाटलीत ठेवून हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घ्यायचा प्रसिद्ध प्रयोग घरी करू नका. पोटॅशने कातडी भाजते. त्याचं काम पुढचा पालकाच्या चकत्यांचा प्रयोग जास्त चांगलं करतो.

हिरव्या स्पिरिटचा लाल उजेड

ती बाटली रात्री काढा, खोलीत अंधार करा आणि नोटा तपासायचा जांभळा टॉर्च बाजूने मारा. हिरवं द्रावण रक्तासारखं लाल चमकतं. टॉर्च नसेल तर कडक उन्हात धरून, ज्या बाजूने ऊन पडतंय त्याच बाजूने बघा. कडेला लालसर झाक दिसते.

हरितद्रव्याचा रेणू निळा आणि लाल प्रकाश चांगला शोषतो. शोषला की त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेला जातो. जिवंत पानात ही ऊर्जा शेजारच्या रेणूकडे, तिथून पुढच्याकडे, असं करत एका ठरावीक केंद्रापाशी पोचते आणि तिथे इलेक्ट्रॉन खरोखरच दुसऱ्या रेणूच्या हवाली केला जातो. स्पिरिटमध्ये ही सगळी मांडणी विस्कटलेली असते. घेणारा कोणी नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉन खाली येतो आणि ऊर्जा लाल उजेड व उष्णता बनून बाहेर पडते. नुसतं हरितद्रव्य असून भागत नाही, ते पानात कुठे आणि कशाशेजारी बसवलं आहे यावर सगळं अवलंबून असतं, हे या बाटलीइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

दुसरा प्रयोग: पालकाच्या चकत्या

वेळ थोडाच असेल तर बाकी सगळं सोडून हा एक करा. यात आकडे मिळतात.

अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा विरघळवा. यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब घाला, फेस होऊ देऊ नका. पंचने पालकाच्या वीस चकत्या पाडा, जाड शिरा टाळा. सिरिंजचा दट्ट्या काढून दहा चकत्या आत टाका, दट्ट्या हलकेच बसवा, थोडं द्रावण ओढून घ्या आणि आतली हवा बाहेर काढा. आता टोकावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागे ओढा आणि दहा सेकंद धरून ठेवा. चकत्यांच्या कडेने बारीक बुडबुडे निघतील. दट्ट्या ओढलेला असतानाच बोट काढा, म्हणजे हवेच्या जागी द्रावण आत शिरेल. दोन-तीनदा केलं की चकत्या तळाशी बसतात. पानातल्या पेशींमधल्या मोकळ्या जागेत हवा असते म्हणून पान तरंगतं; ती हवा आपण काढून घेतली. जास्त वेळा ओढाताण केली तर पेशी फुटतात आणि चकती पुढे कामाची राहत नाही.

या दहा चकत्या द्रावणासकट एका उभ्या ग्लासात ओता. उरलेल्या दहा तशाच बुडवून दुसऱ्या ग्लासात, पण तिथे सोड्याशिवायचं पाणी: उकळून, झाकून गार केलेलं, लिक्विडचा थेंब घातलेलं. दोन्ही ग्लास दिव्यापासून वीतभर अंतरावर ठेवा. दिवा एलईडीच घ्या. जुना पिवळा बल्ब पाणी तापवतो, मग फरक प्रकाशाने पडला की उष्णतेने, हे सांगता येत नाही. घड्याळ लावा.

पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग सोड्याच्या ग्लासातल्या एखाद्या चकतीच्या कडेला मोहरीपेक्षाही लहान बुडबुडा दिसतो. चकती एका बाजूने उचलली जाते, तळावर कडेवर उभी राहते, डुलते आणि सरळ वर येते. मग दुसरी, मग दोन एकदम. दर मिनिटाला वर आलेल्या चकत्या मोजा आणि निम्म्या म्हणजे पाच चकत्या वर यायला किती वेळ लागला ते लिहा. सगळ्या येईपर्यंत थांबू नका, शेवटची एखादी आळशी निघतेच आणि सरासरी बिघडवते. साध्या पाण्यातल्या चकत्या बहुतेक तळालाच राहतात.

आता दिवा दुप्पट अंतरावर न्या. साध्या बल्बचा प्रकाश दुप्पट अंतरावर साधारण एक चतुर्थांश होतो. नव्या चकत्या घेऊन वेळ मोजा. मग अंतर निम्मं करा. कुठेतरी असं येईल की दिवा आणखी जवळ आणूनही वेळ कमी होत नाही. तिथे थांबा आणि दिवा न हलवता सोडा थोडा वाढवून बघा. वेळ पुन्हा घटला तर अडचण प्रकाशाची नव्हती, कार्बन डायऑक्साइडची होती. ज्याची टंचाई असेल तोच घटक वेग ठरवतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी 1905 साली मांडलं. पॉलिहाउसवाले कार्बन डायऑक्साइड सोडतात ते याच हिशोबाने.

ग्लासावर रंगीत जिलेटिन कागद गुंडाळून पाहायलाही हरकत नाही. हिरव्या कागदाखाली वेग मंदावतो, पण शून्य होईलच असं नाही. 'पान हिरवा प्रकाश वापरतच नाही' हे विधान पुस्तकातून पुस्तकात उतरत आलं आहे आणि ते चूक आहे. पान हिरवा प्रकाश लाल-निळ्यापेक्षा कमी शोषतं, एवढंच.

शेवटी सगळ्या चकत्या वर आलेला ग्लास कपाटात अंधारात ठेवा. बऱ्याच वेळाने त्या एकेक करून पुन्हा बुडू लागतात. पेशींचं श्वसन दिवसरात्र चालू असतं. प्रकाश गेला की ऑक्सिजन बनायचा थांबतो आणि जमलेला वापरला जातो.

घरी न दिसणारा भाग

बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्यातला की कार्बन डायऑक्साइडमधला? आपले प्रयोग इथे मुके आहेत. 1930च्या सुमारास फान नील यांनी गंधकाच्या जिवाणूंवरून तर्क केला. हे जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक टाकतात. तर मग हिरव्या वनस्पतींचा ऑक्सिजन पाण्यातूनच येत असला पाहिजे. 1941 साली रूबेन, केमेन आणि सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन (नेहमीच्यापेक्षा वजनदार अणूंचा, म्हणून ओळखता येणारा) असलेलं पाणी क्लोरेला शेवाळाला देऊन ते दाखवलं: जड ऑक्सिजन पाण्यात घातला तर बाहेर पडणाऱ्या वायूत सापडतो.

म्हणून काम दोन टप्प्यांत समजून घ्यावं. पहिला टप्पा हरितलवकातल्या थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या पडद्यावर चालतो. प्रकाशाने हरितद्रव्याचा इलेक्ट्रॉन निघून जातो, ती जागा पाणी फोडून आलेल्या इलेक्ट्रॉनने भरली जाते, ऑक्सिजन सुटतो. इलेक्ट्रॉनच्या या प्रवासात दोन गोष्टी तयार होतात: ऊर्जा देणारं एटीपी आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारं एनएडीपीएच.

दुसरा टप्पा पिशव्यांबाहेरच्या द्रवात. तिथे रुबिस्को हे विकर हवेतला कार्बन पाच कार्बनच्या एका साखरेला जोडतं, त्यातून तीन कार्बनचे दोन रेणू होतात आणि एटीपी-एनएडीपीएच खर्चून त्यांची साखर बनते. कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू आत आले की तीन कार्बनच्या साखरेचा एक रेणू हाती लागतो. खर्च एटीपीचे 9 आणि एनएडीपीएचचे 6. पुढे यातून सुक्रोज, म्हणजे उसात असते तीच साखर, आणि स्टार्च होतो. समीकरणातलं ग्लुकोज हिशोबाच्या सोयीसाठी आहे. हे चक्र कॅल्विन, बेन्सन आणि बॅशॅम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडलं. 1961 चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विनना मिळालं.

या टप्प्याला जुन्या पुस्तकांत 'अंधारातील अभिक्रिया' म्हणतात. मुलांना तसं शिकवू नका. तिला थेट प्रकाश लागत नाही हे खरं, पण एटीपीचा पुरवठा प्रकाशावर आणि तिची कित्येक विकरंही प्रकाशातच जागी होतात. रात्री ती बंद असते.

ज्वारी आणि ऊस वेगळे का

रुबिस्को फार मंद आहे, सेकंदाला जेमतेम तीन-चार रेणू हाताळतं. पान मग ते ढिगाने बनवून भरपाई करतं. त्याचा दुसरा दोष मोठा: कार्बन डायऑक्साइडऐवजी ते कधीकधी ऑक्सिजनच पकडतं आणि झालेल्या कामाची नासाडी होते. ऊन तापलं की हे जास्त होतं. गहू, भात, सोयाबीन, कापूस, तूर हे नुकसान सोसतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी तोड काढली आहे: बाहेरच्या पेशी कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात पकडतात आणि शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतात. तिथे कार्बन डायऑक्साइड दाटतो आणि रुबिस्कोची चूक फारच कमी होते. हॅच आणि स्लॅक यांनी हे 1966 साली उसावरच मांडलं. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मक्याच्या पानाचा पातळ आडवा छेद ठेवला तर शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं दिसतं. गव्हाच्या पानात ते तसं हिरवं भरलेलं नसतं.

तिसरा प्रयोग: पानफुटी

पानफुटी दिवसा पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) बंद ठेवते, पाणी वाचवते. रात्री ती उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा ते आम्ल मोडून आतल्या आतच कार्बन वापरते. सूर्योदयाआधी खालचं जुनं, जाड पान घ्या, तुकडा चमचाभर आरओच्या पाण्यात ठेचा आणि पीएच पट्टी बुडवा. त्याच झाडाचं तसंच पान संध्याकाळी चारला तपासा. सकाळची पट्टी जास्त आम्लधर्मी निघते. झाड उन्हात असावं आणि पाणी बेताचं असावं; सावलीतल्या, भरपूर पाणी घातलेल्या कोवळ्या पानांत फरक पुसट दिसतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेल्या बेंजामिन हाइन याने हे चक्क चाखून टिपलं होतं: पान सकाळी आंबट, दुपारी बेचव. त्याचं टिपण 1815 साली छापलं गेलं. तुम्ही चाखू नका, या कुळातल्या झाडांत हृदयाला घातक द्रव्यं असतात.

याच प्रयोगावरून व्हॉट्सॲपवरच्या एका पोस्टचाही निकाल लागतो. 'पिंपळ आणि तुळस चोवीस तास ऑक्सिजन देतात' ही ती पोस्ट. पानफुटीसारखी झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं. त्यावरून ती ऑक्सिजनही सोडत असतील अशी उडी मारली जाते आणि पिंपळ-तुळशीला तो मान दिला जातो. ऑक्सिजन पाणी फुटल्याने येतो आणि पाणी फुटायला प्रकाश लागतो. अंधारात कुठलंच झाड तो बनवत नाही. रात्री झाडाखाली झोपल्यास गुदमरायला होतं ही उलटी भीतीही तितकीच पोकळ आहे, उघड्या हवेत पानांच्या श्वसनाने असा काही फरक पडत नाही. कोणी वाद घातलाच तर पिंपळाचं कोवळं पान घेऊन चकत्यांचा प्रयोग लावा, एक ग्लास दिव्याखाली आणि एक कपाटात. पिंपळाचं पान पालकापेक्षा चिवट आहे, दट्ट्या दोनदा जास्त ओढावा लागेल.